लाइट गेली की स्विचचं एसएसएच बंद: पुन्हा टेलनेट उघडण्याआधी हे तपासा

वळवाचा पाऊस सुरू झाला की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतून, तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून एकच तक्रार येते. लाइट गेली, परत आली, कॅमेरे चालू झाले, टॅली उघडलं, प्रिंटही निघतेय, पण स्विचवर (सगळी यंत्रं नेटवर्कला जोडणारा डबा) लांबून लॉगिन होत नाही. मग कोणीतरी लॅपटॉप आणि निळी कन्सोल केबल घेऊन रॅकपाशी जातो, काहीतरी खटपट करतो, आणि शेवटी "तात्पुरतं" म्हणून टेलनेट, म्हणजे लांबून लॉगिनची जुनी, उघडी पद्धत, उघडून देतो. काम चालतं, सगळे विसरतात. पुढच्या पावसात पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं एवढंच की हा लाइटचा दोष नाही. एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची सांकेतिक, सुरक्षित पद्धत, अर्धवट लावलेलं असतं आणि लाइट गेल्यावर ते उघडं पडतं. टेलनेट उघडलं तर तो अर्धवटपणा झाकला जातो आणि त्यावर नवा धोका चढतो. टेलनेट, म्हणजे पोर्ट २३, पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून पाठवतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्वतःच्या टेबलावर करून बघावं. वायरशार्क (तारेवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू करा, त्याच मशीनवरून स्विचला टेलनेट करा, मग एखाद्या पॅकेटवर राइट क्लिक करून 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' निवडा. पासवर्डचं एकेक अक्षर ओळीने समोर दिसतं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, त्यातूनच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. ज्या रोगावर हे औषध निघालं तोच रोग आपण "तात्पुरतं" म्हणून परत घरात घेतो.

खालच्या कमांड सिस्को कंपनीच्या आयओएस या स्विचच्या सॉफ्टवेअरमधल्या आहेत, कारण आपल्याकडच्या रॅकमध्ये सिस्कोचे जुने कॅटलिस्ट स्विच भरपूर आहेत. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर शब्द बदलतील, क्रम तोच राहील. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

आधी स्क्रीन काय म्हणतेय ते वाचा

"एसएसएच लागत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. फोनवर कोणी असं सांगितलं की मी पहिल्यांदा स्क्रीनचा फोटो मागवतो. 'टाइम्ड आउट' असेल तर तुमचं पॅकेट स्विचपर्यंत पोचतच नाही, किंवा उत्तर परत येत नाही. 'रिफ्यूज्ड' असेल तर स्विच जिवंत आहे, पोचला आहात, पण तो पोर्ट २२ वर घ्यायला तयार नाही. 'नो मॅचिंग' असं काही असेल तर स्विच आणि तुमचा लॅपटॉप यांचं सांकेतिक भाषेवर जुळत नाही. आणि पासवर्ड विचारून नाकारत असेल तर दोष लॉगिनच्या मांडणीत आहे. या चार वाटा वेगळ्या आहेत. एकीचं औषध दुसरीला लावलं की अख्खी दुपार जाते.

टाइम्ड आउट

आधी पिंग, म्हणजे स्विच उत्तर देतो का ते बघणं. पिंग जात नसेल तर एसएसएचला हात लावू नका. कन्सोल लावा (९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) आणि 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' द्या. मॅनेजमेंटचा व्हीलॅन (स्विचच्या आत वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) इंटरफेस 'अप, डाउन' दिसत असेल तर लक्षात घ्या, हा इंटरफेस हवेत उभा राहत नाही. तो व्हीलॅन स्विचच्या यादीत असावा लागतो आणि त्यातलं किमान एक पोर्ट, किंवा तो व्हीलॅन दुसऱ्या स्विचकडे नेणारी एक ट्रंक, चालू असावी लागते. पावसानंतर हे सगळ्यात जास्त तुटतं ते मीडिया कन्व्हर्टरपाशी (फायबर आणि तांब्याची तार जोडणारी डबी). त्याचा छोटा अ‍ॅडॉप्टर उडालेला असतो, ट्रंक पडलेली असते, आणि लोक स्विचच्या कॉन्फिगमध्ये चूक शोधत बसतात. दिवे आधी बघा.

त्याच मजल्यावरून पिंग जातं आणि दुसऱ्या सबनेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या दुसऱ्या भागातून, जात नाही, तर गेटवे (तिकडे जायची वाट) बघा. साध्या लेअर २ स्विचला 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' पुरतं. पण स्विचवर 'आयपी राउटिंग' चालू असेल तर ही ओळ कॉन्फिगमध्ये दिसत असूनही स्विच ती वापरत नाही. तिथे शून्य-शून्यचा डिफॉल्ट रूट द्यावा लागतो. ओळ डोळ्यांसमोर असते म्हणून संशय येत नाही, आणि दोष तिथेच असतो.

रिफ्यूज्ड

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक तक्रारी याच घरातल्या आहेत.

'शो आयपी एसएसएच' द्या. 'डिसेबल्ड' आलं तर स्विचकडे आरएसए किल्ल्या (एसएसएचला लागणारी सांकेतिक किल्ल्यांची जोडी) नाहीत. मग 'क्रिप्टो' ही कमांडच तो ओळखतो का ते बघा. ओळखत नसेल तर 'शो व्हर्जन' मध्ये इमेजच्या (स्विचच्या सॉफ्टवेअर फाइलच्या) नावात 'के९' आहे का ते तपासा. नसेल तर त्या सॉफ्टवेअरमध्ये एसएसएच नाहीच, आधी इमेज बदलावी लागेल.

'शो आयपी एसएसएच' मध्ये 'व्हर्जन १.५' दिसलं तर किल्ली तोकडी आहे. जुन्या आयओएसमध्ये किल्ली बनवताना स्विच विचारतो, मॉड्युलस किती बिटांचा, आणि कंसात ५१२ दाखवतो. घाईत माणूस एंटर मारतो आणि ५१२ ची किल्ली तयार होते. एसएसएच २ ला किमान ७६८ लागतात, त्यामुळे स्विच जुन्या, कमकुवत व्हर्जनवरच अडकतो. ७६८ चीही बनवू नका, आजचं ओपनएसएसएच (लॅपटॉपवरचं नेहमीचं एसएसएच सॉफ्टवेअर) १०२४ पेक्षा लहान आरएसए किल्ली स्वीकारतच नाही. सरळ २०४८ द्या. जुन्या स्विचला त्यात मिनिटभर लागेल, लागू द्या. 'व्हर्जन १.९९' दिसलं तर तो १ आणि २ दोन्ही घेतोय. 'आयपी एसएसएच व्हर्जन २' देऊन १ बंद करा.

किल्ल्या आहेत, व्हर्जन २ आहे, तरी रिफ्यूज्ड? मग 'शो यूझर्स' द्या. इथे लाइटचा खरा संबंध येतो, आणि तो फारसा कोणी बघत नाही. लाइट जाते तेव्हा स्विच यूपीएसवर चालू राहतो, पण ज्या पीसीवरून सेशन उघडं होतं तो पीसी खाडकन बंद होतो. "मी गेलो" हे त्याने स्विचला सांगितलेलंच नसतं. स्विचच्या लेखी तो माणूस अजून आत बसलेला आहे. मुळात दहा मिनिटांनी स्विच अशा सेशनला हाकलतो. पण सारखं सारखं बाहेर पडायला नको म्हणून कोणीतरी 'एक्झेक-टाइमआउट ० ०' दिलेलं असतं, म्हणजे कधीच हाकलू नको. दर वेळी लाइट गेली की एक मेलेलं सेशन आत राहतं. व्हीटीवाय लायनी (लांबून लॉगिन करणाऱ्यांच्या जागा) ० ते ४ अशा पाचच असतील तर त्या अशा भरल्यावर सहाव्याला जागा नाही. स्विच रिस्टार्ट केला की सगळं मोकळं होतं, म्हणून लोकांना वाटतं की रिस्टार्ट हाच उपाय. कन्सोलवरून 'क्लिअर लाइन व्हीटीवाय' आणि लायनीचा आकडा देऊन मेलेली सेशन काढा. मग टाइमआउट १० मिनिटांवर आणा आणि 'सर्व्हिस टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-इन' द्या, म्हणजे पलीकडे कोणी नाही हे स्विचला स्वतःहून कळेल.

याच लायनींचा आणखी एक घोळ आहे. बऱ्याच कॅटलिस्टवर व्हीटीवाय लायनी सोळा असतात, आणि कॉन्फिगमध्ये त्या ० ते ४ आणि ५ ते १५ अशा दोन गटांत दिसतात. शिकताना पहिल्याच गटावर हात बसलेला असतो. दुसरा गट तसाच राहतो: कधी तिथे टेलनेट उघडं असतं, कधी लॉगिनची मांडणी वेगळी असते. मग पहिल्या पाच लायनी भरल्यावर सहावा माणूस त्या दुसऱ्या गटात जातो आणि बरोबर पासवर्ड देऊनही बाहेर फेकला जातो. 'लाइन व्हीटीवाय ० १५' असं एकदमच लिहा.

रिफ्यूज्डची अजून दोन कारणं, थोडक्यात. एक, 'अ‍ॅक्सेस-क्लास'. ही आत घ्यायच्या आयपींची यादी. लॅपटॉपला राउटर रिस्टार्टनंतर डीएचसीपीने (आपोआप आयपी देणारी सोय) वेगळा आयपी दिला आणि तो यादीत नाही. यादीत एकेक आयपी लिहिण्यापेक्षा मॅनेजमेंटचा सबनेट लिहा. दुसरं, 'लॉगिन ब्लॉक-फॉर'. ठरावीक वेळात अमुक वेळा पासवर्ड चुकला की स्विच सगळ्यांनाच काही काळ बंद करतो. हे लावणं चांगलंच आहे. पण एखाद्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये जुना पासवर्ड राहिला तर ते दर काही मिनिटांनी चुकत राहतं आणि तुम्ही बाहेर राहता. कधी लागतं, कधी लागत नाही, अशी तक्रार असेल तर 'शो लॉगिन' बघा. 'लॉगिन क्वाएट-मोड अ‍ॅक्सेस-क्लास' देऊन मॅनेजमेंट सबनेटला त्यातून वगळता येतं.

बदललेला स्विच

वीज पडून स्विच जळतो. त्याच मॉडेलचा दुसरा आणला जातो, बॅकअपची टेक्स्ट फाइल पेस्ट केली जाते, आणि एसएसएच लागत नाही. ओळ न् ओळ ताडून बघितली तरी दोन्ही कॉन्फिग सारखे. मग माणूस हताश होतो.

कारण त्या फाइलमध्ये सगळं नसतं. आरएसएची खाजगी किल्ली स्विच वेगळ्या, खाजगी जागेत ठेवतो, 'शो रन' मध्ये ती येत नाही. त्यामुळे नव्या स्विचवर किल्ली नव्याने बनवावीच लागते. तसंच व्हीलॅनचं. व्हीटीपी (स्विचेसमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी सोय) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या फाइलमध्ये असते, कॉन्फिगमध्ये नाही. म्हणजे 'इंटरफेस व्हीलॅन ९९' पेस्ट होतो, पण व्हीलॅन ९९ अस्तित्वातच नसतो, आणि इंटरफेस खालीच राहतो. व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडमध्ये ठेवलं तर व्हीलॅन कॉन्फिगमध्येच दिसतात आणि बॅकअपमध्ये येतात. लहान कंपनीत मी तेच ठेवायला सांगतो. तिसरी गोष्ट 'नो शटडाउन'. चालू इंटरफेसवर ही ओळ 'शो रन' मध्ये छापली जात नाही, त्यामुळे नव्या स्विचवर इंटरफेस व्हीलॅन १ बंद राहिला असेल तर पेस्ट करून तो उघडत नाही. हाताने उघडा.

आणि जुनाच स्विच लाइट आल्यावर सगळं विसरला असेल, तर ते कोणी सेव्हच केलेलं नव्हतं. चालू कॉन्फिग रॅममध्ये असतो. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिल्याशिवाय तो लाइटबरोबर जातो.

नीट लावायचं तर

क्रम महत्त्वाचा आहे. स्विचला नाव द्या. 'स्विच' हे मूळ नाव असेल तर किल्ली बनत नाही, आणि नावावरून जागा कळावी: कोल्ड स्टोरेज, वजनकाटा, ऑफिस. मग 'आयपी डोमेन-नेम'. डोमेन खरं विकत घेतलेलं असायची गरज नाही. मग 'क्रिप्टो की जनरेट आरएसए', २०४८. मग व्हर्जन २. मग प्रत्येक माणसाचं वेगळं यूझरनेम, 'पासवर्ड' ऐवजी 'सीक्रेट' शब्द वापरून. चौघांत मिळून एक 'अ‍ॅडमिन' ठेवू नका. कोणी काय बदललं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि एकजण नोकरी सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. मग सोळाही लायनींवर 'लॉगिन लोकल' आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'. 'लॉगिन लोकल' ऐवजी नुसतं 'लॉगिन' आणि लायनीचा पासवर्ड असेल तर टेलनेट चालतं, पण एसएसएच पासवर्ड विचारून नाकारतं. "टेलनेट लागतं, एसएसएच नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं. 'एएए न्यू-मॉडेल' (लॉगिन तपासायची वेगळी मांडणी) चालू असेल तर मात्र लॉगिन कुठून तपासायचं ते एएएच्या ओळी ठरवतात, तिथे बघा.

सोबत स्विचचं वेब पान बंद करायला 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर' द्या, सिक्युअर सर्व्हर लागत नसेल तर तोही बंद करा. २०२३ च्या ऑक्टोबरात आयओएस एक्सईच्या वेब पानातल्या त्रुटीतून जगभरात हजारो उपकरणं घुसखोरांच्या ताब्यात गेली, ती वेब पान इंटरनेटवर उघडं असलेली होती. 'नो व्हीस्टॅक' हेही द्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये या कमांडने बंद होणाऱ्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीच्या ४७८६ पोर्टवरून स्विचचे कॉन्फिग पुसले गेले होते.

नवा लॅपटॉप, जुना स्विच

लॅपटॉप बदलला आणि त्या दिवसापासून जुन्या स्विचवर लॉगिन होत नाही, ही अलीकडे वाढलेली तक्रार. स्विच बिघडलेला नसतो. ओपनएसएसएचने २०१५ च्या ७.० मध्ये 'डिफी-हेलमन-ग्रुप१-एसएचए१' ही किल्ली ठरवण्याची जुनी पद्धत, आणि २०२१ च्या ८.८ मध्ये एसएचए-१ वाली 'एसएसएच-आरएसए' सही, आपणहून वापरणं बंद केलं. जुन्या स्विचला फक्त तेवढंच येतं. म्हणून 'नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड' किंवा 'नो मॅचिंग होस्ट की टाइप'.

पहिला उपाय स्विचचं सॉफ्टवेअर बदलणं. त्या मॉडेलला नवी इमेजच नसेल, तर लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये त्या एका स्विचच्या आयपीपुरतीच नोंद करा आणि तिथे 'होस्टकीअल्गोरिदम्स' किंवा 'केक्सअल्गोरिदम्स' समोर अधिकचं चिन्ह लावून जुनी पद्धत जोडा. सगळ्यांसाठी एकदम उघडू नका. आणि बदलायच्या स्विचच्या यादीत अशा स्विचचा नंबर वर आणा.

ओळख बदलल्याची सूचना

'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' अशी मोठी चौकट आली की बरेच जण सवयीने जुनी नोंद पुसून पुढे जातात. किल्ली नुकतीच नव्याने बनवली असेल किंवा स्विच बदलला असेल तर ठीक, 'एसएसएच-कीजेन' ला मोठा 'आर' देऊन नोंद काढा. तसं काही झालेलं नसेल तर थांबा.

कुपवाडच्या एका शेडमध्ये ही चौकट मधूनच यायची आणि मधूनच जायची. कॅमेऱ्याच्या नव्या डीव्हीआरला कोणीतरी स्विचचाच आयपी हाताने दिला होता, आणि त्या डीव्हीआरमध्येही एसएसएच चालू होतं. लाइट आल्यावर जो आधी उठेल तो उत्तर द्यायचा. पीसीवर 'एआरपी -ए' देऊन त्या आयपीचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा नंबर) बघितला, थोड्या वेळाने परत बघितला, आणि मॅक बदललेला दिसला. टेलनेटवर हे कधीच कळलं नसतं, कारण टेलनेट समोरच्याची ओळख विचारतच नाही. आपण स्विच समजून डीव्हीआरला पासवर्ड देऊन बसलो असतो. म्हणून ही सूचना बंद करायची सेटिंग कोणी सुचवली तर ऐकू नका. मॅनेजमेंटचा व्हीलॅन कॅमेऱ्यांपासून वेगळा ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

घरून लॉगिन आणि घड्याळ

राउटरवर पोर्ट २२ फॉरवर्ड करून स्विच इंटरनेटवर उघडू नका. उघडल्यावर थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी आयपींचे प्रयत्न दिसू लागतात. राउटरवर किंवा आतल्या एका छोट्या मशीनवर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सांकेतिक खाजगी वाट) लावा आणि त्यातून आत या. स्थानिक फायबरवर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, तिथे आतून बाहेर जोडणारं व्हीपीएन चालतं.

लाइट गेल्यावर बरेच जुने कॅटलिस्ट १ मार्च १९९३ पासून वेळ मोजायला लागतात, कारण आत घड्याळाची बॅटरी नसते. अशा लॉगवरून काल रात्री कोण आत आलं हे सांगता येत नाही. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावा आणि लॉग बाहेरच्या सिसलॉग मशीनवर, म्हणजे लॉग गोळा करणाऱ्या मशीनवर, पाठवा, स्विचमधला लॉग रिस्टार्टला पुसला जातो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. हे कंपन्यांना लागू आहे, मोठ्या-लहान शेडचा भेद नाही.

लांबून बदल करताना

सांगलीत बसून जत किंवा आटपाडीच्या स्विचवर व्हीटीवाय किंवा अ‍ॅक्सेस-क्लास बदलत असाल तर आधी 'शो रन' आणि 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' सारखे आहेत ना ते बघून घ्या. मग 'रीलोड इन १०' द्या. बदल करा, पण सेव्ह करू नका, आणि चालू सेशन बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करून बघा. झालं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. नाही झालं तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःच रिस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. तेवढी काही मिनिटं त्याच्यावरचं नेटवर्क बंद पडेल, म्हणून वजनकाटा चालू असताना करू नका, आधी तिथल्या माणसाला फोन करून विचारा.